आग अजून गुडघ्यापर्यंतच

...आणि वर मलाच म्हणतात, 'काय हो, किती शांत झालात तुम्ही!' शांत? तुम्हाला सांगतो, मी शांत वगैरे काही झालेलो नाही. मी आहे तस्साच तापट आहे, खानदानी तापट. आमच्या वडिलांनी एकदा रेडिओवर बातम्या देणाऱ्याशी भांडण काढलं होतं आणि तो ऐकून घेत नाही म्हणून त्याच्याशी आठवडाभर अबोला धरला होता, त्यांचा मी मुलगा. पण झालं काय, मध्यंतरी माझ्या हृदयाला नाचायची हौस आली. तेही ठेका सोडून. चार ठोके एकदम, मग एक गाळलेला, मग पुन्हा धावाधाव... शाळा सुटल्यावर पोरं जिन्यावरून उतरतात ना, तसं. तेव्हा आमच्या डॉक्टरीणबाईंनी गोळी चालू केली, सकाळी एक, रात्री एक. आता मी गोळीबद्दल वाईट बोलणार नाही, तिच्याच जिवावर तर इथे उभा आहे. नाचणं थांबलं. पण गोळी जरा जास्तच कामसू निघाली. तिनं नाचणाऱ्याला खाली बसवलं ते बसवलंच, आता तो उठायचं नाव घेईना. मिनिटाला अठ्ठेचाळीस! पन्नास झाले की आमच्या घरात आनंदीआनंद. सकाळी डोळे उघडले की आमची ही मनगट धरते आणि विचारते, 'आज किती?' दूधवाला विचारतो, 'आज किती?' मला आधी वाटायचं दूध किती विचारतोय, मी सांगायचो एक लिटर, तो घाबरून हिला हाक मारायचा.

तर मुद्दा रागाचा. राग येतो हो मला, फक्त उशिरा येतो.

आपण म्हणतो बघा, तळपायाची आग मस्तकात गेली. तुमची जात असेल. तुमच्याकडे थेट गाडी आहे. माझी आग तळपायातून वेळेवर निघते, त्यात तक्रार नाही, पण घोट्यापाशी जरा टेकते, गुडघ्याशी येऊन दम खाते, पोटाशी आली की विचार करते की आपण निघालो कशासाठी होतो... आणि मस्तकात पोचेपर्यंत समोरचा माणूस घरी जाऊन, हातपाय धुऊन झोपलेला असतो! डॉक्टरीणबाईंना विचारलं तर म्हणाल्या, 'अहो काका, राग आला की हृदय पळायला लागतं, छाती धडधडते, तेव्हा अंगाला कळतं की राग आलाय. तुमचं पळतच नाही, तर अंगाला कळणार कसं?' म्हणजे बघा, मला राग आलाय ही बातमी मलाच कुणी देत नाही.

परवाचीच गोष्ट. बिल भरायच्या रांगेत उभा होतो, एक गृहस्थ सरळ माझ्या पुढे घुसले. पूर्वी मी काय केलं असतं हे त्या गृहस्थांनी आयुष्यभर नातवंडांना सांगितलं असतं. मी काय म्हणालो माहीत आहे? 'या.' या म्हणालो मी! जसं काही हळदीकुंकवाचं आमंत्रणच होतं. घरी आलो, चपला काढल्या, चहा घेतला, पेपर चाळला, आणि एकाएकी आग येऊन पोचली की मस्तकात! उठलो, गॅलरीत गेलो आणि गरजलो, 'रांग दिसत नाही का तुम्हाला? डोळे फुटले का?' खाली शेजारी एकटेच कुंड्यांना पाणी घालत होते. बिचाऱ्यांनी वर बघितलं, मागे बघितलं, हातातली झारी खाली ठेवली आणि कुंड्यांपासून दोन पावलं मागे सरकून उभे राहिले.

आणि माझी नोकरी कुठली, तर पार्सल ऑफिसात तक्रारीच्या खिडकीवर. म्हणजे माणूस तावातावानं येतो, 'ओ, हे काय आहे? आरसा पाठवला होता, चुरा आला!' पूर्वी मी त्याच्या दीडपट आवाजात म्हणायचो, 'नीट बांधायला काय धाड भरली होती?' तिथून जो फड रंगायचा! बाकीचे कारकून काम सोडून बघत बसायचे. आता तो म्हणतो, 'चुरा आला.' मी म्हणतो, 'अरेरे.' तो म्हणतो, 'मोठा होता हो.' मी म्हणतो, 'असेल.' तो म्हणतो, 'आईच्या वेळचा होता.' मी म्हणतो, 'बसा.' आणि तो बसतो! लोक माझ्या खिडकीपाशी बसायला यायला लागले हो, ज्यांचं पार्सल धड पोचलंय तेसुद्धा. साहेबांनी सोमवारी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं, 'यांच्याकडून संयम शिका.' संयम! गोळी आहे ती साहेब, संयम कसला. अपमान झाला माझा. राग आला मला. शनिवारी.

घरी तर आणखी तऱ्हा. जिनगानी गेली हिची 'अहो, जरा हळू, अहो, शेजारी ऐकतायत' करण्यात. आता मी हळू झालोय, तर परवा म्हणते कशी, 'अहो, निदान माझ्यावर तरी ओरडा हो एकदा. घर कसं सुनंसुनं वाटतं.' ओरडतो म्हटलं, पण कशावरून ओरडू? तर ती म्हणते, 'मीठ जास्त झालंय बघा कालवणात.' मी चाखलं आणि म्हणालो, 'चालतंय की.' ती आत जाऊन रडली. खरंच रडली, गंमत नाही करत. मला उठून आत जायचं होतं, पण मला उठायला वेळ लागतो. आधी पाय खाली, मग थोडं थांबायचं, मग अर्धा उभा, मग भिंत, मग पूर्ण. नाही तर खोली फिरते भोवती. मी आत पोचलो तोवर तिचं रडून, डोळे पुसून, भांडी घासूनही झालं होतं.

पण तुम्हाला सांगतो, खरी पंचाईत झाली ती धाकटीची. धाकटी म्हणजे माझी बहीण. आमच्या सगळ्या नात्यागोत्यात भांडणाचं खातं माझ्याकडे, नावच पडलं होतं माझं, तोफ. कुणाचा घरमालक त्रास देतोय, कुणाच्या डोक्यावर वरच्या मजल्याचं पाणी गळतंय, वकिलाकडे जायच्या आधी लोक मला न्यायचे, आणि बहुतेकदा वकिलाकडे जायची गरज पडायची नाही. आणि धाकटी? तिचा आवाज म्हणजे बोटाला सुई टोचल्यावर निघतो तेवढाच. शाळेत तिची पट्टी कुणी घेतली तर ती मला येऊन सांगायची, मी जाऊन आणायचो. लग्न झालं, नवरा गेला, पोरगी शिकायला लांब गेली, सगळं तिनं त्याच आवाजात निभावलं. एका छोट्याशा गाळ्यात तिचं कपडे दुरुस्तीचं काम. उसवलेलं शिवायचं, चेन बदलायची, पँट आखूड करायची. गाळ्याला खिडकी एकच. त्या खिडकीच्या उजेडात तिचं मशीन, त्याच खिडकीतून गिऱ्हाईक कपडे देणार, त्याच खिडकीतून नेणार.

आणि त्या खिडकीवर शेजारच्या हार्डवेअरवाल्यानं पाइप लावले! प्लास्टिकचे, लांबलचक, खालपासून वरपर्यंत. आत अंधार गुडूप. धाकटी दिवसभर दिवा लावून डोळ्यांतून पाणी काढत शिवतेय, एकाची काळी पँट निळ्या दोऱ्यानं शिवली, त्यानं ती तोंडावर आणून टाकली. गिऱ्हाइकांना वाटायला लागलं दुकान बंद झालं. ती दोनदा गेली सांगायला. तिचं सांगणं म्हणजे, 'जरा ते पाइप... नाही, सवडीनं हं.' तो म्हणाला, 'बघतो.' मग आली माझ्याकडे. म्हणाली, 'दादा, तू ये ना एकदा. भांडू नको. नुसतं तुझ्या पद्धतीनं बोल.'

काय सांगू तुम्हाला, छाती फुगली माझी. आणि दुसऱ्या मिनिटाला तिच्यातली हवा गेली. कारण तो हार्डवेअरवाला काही साधा नव्हे. दहाएक वर्षांपूर्वी आमचं दोघांचं स्कूटर लावण्यावरून भांडण झालं होतं भर रस्त्यात, ते इतकं चाललं की आजूबाजूच्या दुकानदारांनी खुर्च्या बाहेर काढल्या. आमच्यासाठी नाही, स्वतःसाठी. त्या माणसासमोर मी जाऊन उभा राहणार, तो म्हणणार, 'नाही हलवत, काय करशील?' आणि मी म्हणणार, 'चालतंय की'? आणि धाकटी बघत उभी? तिच्या पट्टीपासून आजवर मी तिला एकदाही रिकाम्या हातानं परत आलेलो दिसलो नव्हतो. आणि राग येतो हो मला, फक्त उशिरा येतो! संध्याकाळी सातला मस्तकात पोचून काय उपयोग, हार्डवेअरचं दुकान सहाला बंद होतं.

मग मी ठरवलं. गोळीच घ्यायची नाही. रात्रीची नाही, सकाळची नाही. एक दिवस तोफेचा गंज निघू दे. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं बरं का, 'काका, काहीही झालं तरी गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही.' पण ते 'काहीही' म्हणताना त्यांच्या डोळ्यांसमोर धाकटीची खिडकी नसणार, अशी मी माझी समजूत घातली. आता आमची ही गोळी घेताना समोर उभी राहते, 'आ करा' म्हणते. मी गालात दाबून आ केला. तिनं बघितलं, खूश झाली. कडू हो काय ती गोळी! दोन्ही वेळा ती थुंकून टाकली, आणि पाकिटातली एक काढून कागदात गुंडाळली आणि खिशात ठेवली, म्हटलं भांडण झालं की लगेच घेऊ. इतका मी जबाबदार.

निघालो. आणि काय सांगू, जमलं की! चौकापर्यंत आलो तोवर आग गुडघ्याच्या वर. मनात वाक्यं सुचायला लागली, जुनी, ठेवणीतली. 'कुणाची परवानगी घेतली?' 'रस्ता काय तुमच्या...' वा वा. छाती धडधडायला लागली, म्हटलं आला रे आला, राग आला! पुढच्या वळणावर लक्षात आलं की हा राग नव्हे. शाळा सुटली होती. चार ठोके एकदम, एक गाळलेला, पुन्हा धावाधाव... घाम फुटला, आणि समोर हार्डवेअरचं दुकान. आत शिरलो. तो गल्ल्यावर बसला होता. मला बघून म्हणाला, 'बसा.' मी म्हणालो, 'बसायला नाही आलो मी!' आणि बसलो. कारण दुकान फिरत होतं. बादल्या, कुलपं, नळ, सगळं गोल.

आता तुम्हीच सांगा, एवढ्या जुन्या वैऱ्यानं अशा वेळी काय करावं? हसावं की नाही? तो हसला नाही. तो उठला. पण कसा उठला माहीत आहे? आधी पाय खाली... मग थांबला... मग अर्धा उभा... मग कपाट धरलं... मग पूर्ण. मी बघतच राहिलो. माझ्यापाशी आला, माझं मनगट धरलं, दोन बोटं बरोब्बर जागी टेकवली, आणि हळूच विचारलं,

'गोळी चुकवली?'

मी म्हटलं, 'तुम्हाला काय करायचंय?'

'सकाळची की रात्रीची?'

'...दोन्ही.'

'मीपण चुकवली होती एकदा,' म्हणाला. 'मेहुण्याशी भांडायचं होतं.'

'मग?'

'मग काय. मेहुण्यानंच उचलून दवाखान्यात नेलं. आता त्याच्याशी कशावरूनच भांडता येत नाही.'

मग त्यानं माझ्याच फोनवरून डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्याच्याही डॉक्टर त्याच निघाल्या हो! आणि त्या बाईंना राग कसा लगेच येतो, त्यांना गोळी चालू नाही ना. 'काका, लहान आहात का तुम्ही? सकाळची आत्ता घ्या. एकच. रात्रीची भरून काढायला दोन घ्याल तर याद राखा. आणि ताबडतोब इकडे या, एकटे येऊ नका!' मी खिशातला कागद काढला, त्यानं पाणी दिलं. माणूस पाठवला गाडी आणायला. आणि आम्ही दोघं त्या बाकावर शेजारी शेजारी बसून राहिलो. त्यानं माझं मनगट धरलं होतं, मग मीही त्याचं धरलं. त्याचे शेहेचाळीस. मला थोडं बरं वाटलं.

मी म्हटलं, 'भांडायला आलोय मी. पाइपांवरून.' तो म्हणाला, 'कळलं मला. मी तुमच्या वाटेलाच डोळे लावून बसलो होतो, म्हटलं आता येईल आणि माझी लाज काढेल.' मग सांगायला लागला. 'पाइप वर माळ्यावर ठेवायचे असतात हो. मी काय मुद्दाम लावलेत तुमच्या बहिणीच्या खिडकीला? पूर्वी नुसता खाकरलो तरी हमाल पळायचे. आता मी म्हणतो, "अरे, वर ठेवा." ते म्हणतात, "ठेवतो मालक." आणि टेकवतात तिथेच खिडकीला. मला राग येतो...'

मी म्हटलं, 'फक्त उशिरा येतो.'

त्यानं माझ्याकडे अशा काही नजरेनं बघितलं ना, तुम्हाला सांगतो, माझ्या सख्ख्या भावानं कधी बघितलं नसेल. इतके दिवस मला वाटत होतं, हे फक्त माझ्या एकट्याच्या अंगात झालंय. डोळ्यांत पाणी आलं माझ्या, आणि ते मात्र वेळेवर आलं.

आणि इकडे धाकटी! ती आपली पाइपांच्या मागे, अंधारात, हातातलं काम थांबवून कान लावून बसलेली. दादा आत गेला. आता आवाज येईल. मग येईल. काहीच येईना. तिला वाटलं झालं, दादाला काहीतरी झालं. धावत आली, तर दारातून काय बघतेय? दोन तोफा बाकावर बसून एकमेकांची मनगटं धरून तोंडातल्या तोंडात आकडे मोजतायत. ती म्हणाली, 'दादा?' मी म्हणालो, 'थांब, मोजताना बोलायचं नाही.' मग त्यानं, त्या शहाण्यानं, खरं काय ते सांगून टाकलं, 'काही नाही ताई, तुमच्यासाठी भांडायचं म्हणून यांनी गोळ्या चुकवल्या.'

आणि मग माझी धाकटी ओरडली.

तुम्ही ऐकायला हवं होतं. अहो, मी तिला जन्मापासून ओळखतो, तो आवाज आमच्या घरातला होता, वडिलांचा होता, माझा होता, आणि आम्हा दोघांचा मिळून जितका होता त्याच्यावर होता! 'अक्कल आहे का तुला? मी तुला भांडायला बोलावलं का मरायला? खिडकी गेली खड्ड्यात! खिडकीवाचून शिवेन मी, दिवा लावून शिवेन, आंधळी होईन, पण तू नसलास तर मी कुणाच्या तोंडाकडे बघू? आई गेली, बाबा गेले, हे गेले, आता तुझीच कमी होती? आणि तुम्ही हो! तुम्ही काय हात धरून बसलात? एवढे मोठे झालात दोघं, लाज नाही वाटत?' हार्डवेअरवाला उभा राहायला लागला, पण त्याला वेळ लागतो, तो अर्ध्यातच थांबला. मला तर ओशाळायला झालं, आणि आत कुठेतरी इतकं छान वाटलं, काय सांगू... कुणीतरी आपल्यासाठी एवढ्या जोरात ओरडावं.

आणि बाहेर काय झालं? बाहेर ते हमाल. त्यांना आतलं काही दिसत नव्हतं. त्यांच्या कानावर आलं एवढंच, 'अक्कल', 'खिडकी' आणि 'लाज नाही वाटत'. त्यांना वाटलं, बाई आपल्यालाच बोलतायत. त्यांनी पटापट पाइप उचलायला सुरुवात केली. आम्ही गाडीत बसेपर्यंत खिडकी मोकळी! धाकटीनं ते बघितलंसुद्धा नाही, ती माझा शर्ट घट्ट धरून बसली होती.

दवाखान्यात तारा लावल्या, ठोक्यांची कागदी पट्टी काढली, दोनचार तास झोपवून ठेवलं, नाचणं हळूहळू निवलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, 'चक्कर येते, उठवत नाही, हे मला आधी सांगायचं की नाही? गोळी कमी-जास्त करायला मी बसलेय ना इथे?' आणि थोडी कमी करून दिली. आता बावन्न-त्रेपन्न असतात. दूधवाल्यानं मला हात जोडले.

पण नात्यागोत्यात आता माझं खातं गेलं. परवा चुलतभावाचं घरमालकाशी वाजलं, तर तो मला ओलांडून सरळ धाकटीला घेऊन गेला. मला म्हणाला, 'तू पण चल, तिची पिशवी धरायला.' गेलो. काय बोलली ती! मी पिशवी धरून उभा होतो. तिनं मधेच मागे वळून बघितलं, मी आहे ना म्हणून, आणि पुन्हा सुरू.

आणि त्या दिवशीचं राहिलंच की! संध्याकाळी घरी आलो, हिला सगळं कळलं होतं, तिनं पान वाढलं. पहिला घास घेतला, आणि तुम्हाला सांगतो, तळपायातून सकाळी निघालेली ती आग, चौक, दुकान, दवाखाना, सगळीकडे थांबत थांबत, बरोब्बर तेव्हा मस्तकात पोचली! मी ताट सारलं आणि कडाडलो, 'कुणाच्या परवानगीनं लावलेत ते पाइप? आत्ताच्या आत्ता हलवा!'

ही दचकली. मग तिच्या तोंडावर असं काही हसू पसरलं, लग्नानंतर पहिल्या भांडणात बघितलं होतं तसं. पदरानं डोळे पुसत म्हणाली, 'हलवलेत हो. दुपारीच.'

मी म्हटलं, 'मग आता मी या रागाचं काय करू?'

ती म्हणाली, 'जेवा. आणि गोळी घ्या. आ करा... नीट करा, जीभ वर.'

घेतली. तेव्हापासून घेतोच आहे. आत्ताही तुम्हाला हे सांगताना तुमच्यातले तिघं मधेच उठून गेले, बघितलं मी. येणार आहे मला त्याचा राग. गुडघ्यापर्यंत आलाय. उद्या दुपारी जरा घरी असाल ना?